टरफलांचा पिवळा

लासलगावच्या चाळीतून पोतंभर टरफलं आणतो मी,
फुकट.
चाळीवरचा बाळनाथ हसतो, "काय करता हो याचं?"
"औषध. अंगाची खाज थांबवायचं."
"मग आम्ही इतकी वर्षं औषधातच झोपतोय की,"
असं म्हणत तो कोपरापर्यंत खाजवतो.

गंगापूर रोडच्या कॉलेजात, मागच्या प्रयोगशाळेत
टरफलं वाळवायची, कुटायची,
रात्रभर अल्कोहोलात भिजत घालायची.
सकाळी चंचुपात्रात रंग उतरलेला असतो.
हळदीचा नाही, केशराचाही नाही.
हायवेवरचे जुने दिवे आठवतात?
तो पिवळा.

मॅडम फळ्यावर नाव लिहितात, क्वेर्सेटिन,
तीन कड्या, पाच हात.
कातडीखाली काही पेशी म्हणे
हिस्टामिनच्या पुड्या बांधून बसलेल्या असतात.
जरा काही झालं, परागकण, गवत, गारठा,
की सोडल्या पुड्या. चोर नाही, तरी आरडाओरडा.
हा पाच हातांचा गडी पुड्यांच्या तोंडाला गाठ मारतो.
"म्हणे" माझा. मॅडम म्हणतात,
बशीतल्या पेशी ऐकतात,
माणसाच्या कातडीचं अजून ठरायचंय.

ठरवायला दहा जण हवे होते.
त्यात मनकर्णा भोये, पेठकडची,
दिंडोरीच्या द्राक्षबागेत मण्यांची विरळणी करते,
बांधावरचं गाजरगवत उपटते.
दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत
भाजलेल्या पापडासारखे.
नखं मुळापर्यंत कापलेली,
"नाहीतर झोपेत रक्त काढते मी."
आधी काय लावलं? कडुलिंब, कोरफड, खोबरेल,
एकदा मुकादमानं दिलेलं ट्रॅक्टरचं ग्रीस.
मी सगळं लिहून घेतलं. ग्रीससुद्धा.

एका बाटलीत टरफलांचा अर्क,
दुसरीत नुसतं जेल, खाण्याचा रंग घालून तितकंच पिवळं.
कुणाला कुठली, तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही.
पाच दिवस रोज दोनदा लावायचं,
पाच दिवस बागेत जायचं नाही,
मजुरी कॉलेज देणार.
तिनं तीनदा विचारलं,
"काम न करता?"

सहाव्या दिवशी ती आली, बाह्या वर सरकवून.
कातडी शांत. गोदावरीला पूर ओसरल्यावर
घाटाच्या पायऱ्या दिसाव्यात तशी,
ओल होती, पण पायऱ्या दिसत होत्या.
मॅडमनी फोटो काढले. मी मोजपट्टी धरली.
माझाच हात थरथरत होता.

महिन्यानं पाकीट फोडलं.
मनकर्णाची बाटली रिकामी होती.
म्हणजे भरलेली, पण रंगाची.

मॅडम बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.
मग वहीत लिहिलं, "विश्रांतीचा परिणाम वेगळा काढता आला नाही."
किती नीट वाक्य.
पाच दिवस घरी बसण्याचं रेणुसूत्र
कुठल्याच फळ्यावर मावणार नाही,
हे मी बोललो नाही. मी मदतनीस आहे, भांडी धुतो.

ती पुन्हा आली परवा. हात पुन्हा तसेच.
"तीच बाटली द्या. तीच गुण देते."
मला खरं सांगता आलं नाही,
खोटंही जमेना.
म्हटलं, "आता अर्काची घेऊन बघा."
तिनं झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं,
"याला कांद्याचा वास येतो."

निफाडला पारा चारावर आला की
माझ्याही अंगावर गांधी उठतात, पोळीएवढ्या.
कुंदा आमसुलं भिजवून पाणी चोळते,
त्यातलं कुठलं संयुग काय करतं
मी अजून शोधलेलं नाही.
तिचा हात गार असतो.
काल रात्री तिला म्हटलं, जरा हळू चोळ,
सावकाश. लगेच बरं वाटायची घाई नाही.